थंडीत आमच्या पेट्या झोपत नाहीत

एकांनी विचारलंय, थंडीत मधपाळ रिकामाच असतो का? डोंगराळ थंड मुलखाचं सांगता येणार नाही, पण देवगडकडे आमचा रिकामा काळ पावसाळा. तेव्हा फुलोरा फारसा नाही, माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. थंडीत उलट धावपळ.

काजू फुलतो, आंबा मोहोरतो, नारळाचा पराग तर बारमाही. सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, सकाळच्या गारठ्यात उशिरा बाहेर पडते, म्हणून पेटी उघडायची ती ऊन चांगलं तापल्यावरच. माझे वडील अजून अंगणातल्या उन्हाकडे बघून सांगतात, "आता उघड." घड्याळ कशाला!

खरी धास्ती मोहोरावरच्या फवारणीची. तुडतुड्यासाठी, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या किडीसाठी, बागायतदार औषध मारणारच, त्यांचंही पोट आहे. शेजारचे काका आदल्या संध्याकाळी सांगतात, मग माश्या परतल्यावर जाळी लावून पेटीचं दार बंद. एकदा निरोप राहिला. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. आईने त्या दिवशी चूल उशिरा पेटवली.

आणि "गोठलेला मध म्हणजे साखरेची भेसळ" असं काही जण म्हणतात, ते: नाही हो! मधातल्या ग्लुकोजचे थंडीत खडे होतात, शुद्ध मधातही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुटतो. उकळत्या पाण्यात मात्र नको, वास जातो. नुसतं गोठण्यावरून शुद्धही ठरत नाही आणि भेसळही.