म्युनिकहून गाडी भाड्याने घेऊन मुलांसह आल्प्स आणि व्हेनिस: सल्ला हवाय

कैरीपन्हं
नमस्कार मंडळी. मे महिन्यात म्युनिकला भावाकडे जातोय. तिथून गाडी भाड्याने घेऊन आठ-नऊ दिवस फिरायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, उत्साह दांडगा). विमानाची तिकिटं काढून झाली. गाडी, पेट्रोल, राहणं, खाणं सगळं धरून साडेतीन लाखांच्या आत बसवायचंय. सासूबाईंना व्हेनिस बघायचंय, लेकाला लेगोलँड आणि लेकीला गाई. गाडी केवढी घ्यावी? रस्ता कसा आखावा? व्हिसा कोणत्या देशाचा काढावा? ट्रेन किंवा टूर कंपनी कृपया सुचवू नका, त्यावर घरात महायुद्ध होऊन गेलंय.

गप्पिष्ट
ट्रेनच बरी. स्वित्झर्लंडला जा. आईवडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास असला की सहा ते पंधरा वर्षांची मुलं त्यांच्याबरोबर फुकट, त्याहून लहान तर फुकटच. गाडी घेऊन तरी काय करणार? झेरमाटला गाडी नेताच येत नाही, टेशला लावून ट्रेनच पकडावी लागते. वेंगेन, म्युरेनचंही तेच.

कैरीपन्हं
गप्पिष्ट, धाग्यातलं शेवटचं वाक्य वाचलंत का हो? :)

आल्प्सवेडा
साडेतीन लाखांत पाच जण? आमचे नुसते स्वित्झर्लंडच्या हॉटेलांतच त्याहून जास्त गेले. पण युंगफ्राउयोख बघितल्याशिवाय परत येऊ नका. ३४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन आहे, मे महिन्यातही बर्फच बर्फ. पैसे काय, परत मिळवता येतात.

हिशेबनीस
आल्प्सवेडा, ताईंनी बजेट दिलंय, ते आधी वाचू या. स्वित्झर्लंडमध्ये गाडीने महामार्गावर जायचं तर विन्येट (महामार्ग वापरायचा परवाना) लागतं आणि ते वर्षभराचंच मिळतं, ४० फ्रँक. दोन दिवसांसाठी गेलात तरी तेवढेच. ऑस्ट्रियात दहा दिवसांचं विन्येट बारा-तेरा युरोंत येतं. जर्मनीत कारला टोल नाही. मात्र ऑस्ट्रियाच्या विन्येटमध्ये ब्रेनर आणि टाउअर्न हे महामार्गाचे तुकडे येत नाहीत, तिथे वेगळे पैसे भरावे लागतात. विन्येट सीमेअलीकडच्या पेट्रोल पंपावर मिळतं. भाड्याच्या गाडीचा नंबर आधी कळत नाही, त्यामुळे ते सोपं पडतं.

जर्मन_जावई
हिशेबनीस यांना +१. गाडीबद्दल सांगतो. सात सीटची गाडी म्हणून जी देतात तिच्यात तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन दप्तरं राहतात. आणि पाच सीटची घेतलीत तर मागे दोन मुलांच्या सीट आणि त्यांच्या मध्ये आजी. एका बाजूला बकल कमरेत टोचणार, दुसऱ्या बाजूला सीटचा हात बरगडीत. सासूबाईंचे गुडघे म्हणताय, तर हा प्रकार करूच नका. स्टेशन वॅगन चार जणांना झकास, पाचांना नाही. मोठी व्हॅन घ्या. आणि ऑटोमॅटिक घ्या. तिकडे बुकिंग करताना न बघता गाडी घेतली तर गिअरचीच गळ्यात पडते. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी काउंटरवर नाकारतात. इटलीला गाडी नेणार हेही बुकिंग करतानाच सांगा.

मुळामुठा
व्हॅन कशाला? आम्ही पाच जण छोट्या गाडीत कोकण केलंय.

जर्मन_जावई
मुळामुठा, कोकणात पोलीस बूस्टर सीट बघत नाहीत. जर्मनीत वय १२ किंवा उंची १५० सेंमी होईपर्यंत मुलाला सीट लागते. इटलीत उंची बघतात, १५० सेंमी. ऑस्ट्रियात १४ वर्षं किंवा १३५ सेंमी. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलालाही लागणारच. भाड्याने घेतल्या तर दर दिवसाचे पैसे लावतात. तुमचा भाऊ तिथे आहे ना? त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारायला सांगा, मुलं मोठी झालेल्यांकडे सीट तळघरात पडून असतात.

सह्यभटक्या
मुलांना ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनर घाटरस्ता दाखवाच! १९३५ मध्ये खुला झालेला, ४८ किलोमीटर, ३६ वळणं, सगळ्यात वर अडीच हजार मीटर. आपला आंबेनळी त्यापुढे पोरखेळ. रस्त्याकडेला मारमॉट (खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी) दिसतात, मुलं खूश. टोल चाळीस युरोंच्या वर आहे, पण दर वळणाला वसूल.

तिखटमीठ
मारमॉट दिसले की नाही आठवत नाही, पण आमच्या धाकट्याने पाचव्या वळणाला सगळा नाश्ता सीटबेल्टच्या बकलमध्ये रिकामा केला होता. परत दिलेल्या गाडीचं सफाईचं बिल वेगळं आलं. कागदी पिशव्या आणि आवळासुपारी हाताशी ठेवा. मेच्या सुरुवातीला जाणार असाल तर रस्ता उघडलाय का ते आधी बघा, बर्फावर ठरतं. इटलीतला स्टेल्व्हिओचा घाट तर मे महिन्यात बहुतेक बंदच असतो.

मुळामुठा
गाडीने इटली म्हटलं की माझा जीव खाली-वर होतो. तिथल्या जुन्या गावांत झेड. टी. एल. म्हणून भाग असतात, परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी. गोल लाल कडेची पाटी, वर कॅमेरा. मोबाइलमधली बाई सरळ आत घेऊन गेली. घरी येऊन कपडे इस्त्रीला गेले, आणि काही महिन्यांनी आधी गाडीवाल्या कंपनीने नाव-पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापले, मग दंडाची नोटीस आली. हॉटेल तसल्या भागात असेल तर मालकाला गाडीचा नंबर आधी कळवा, काही ठिकाणी ते नोंदणी करून देतात. टोलनाक्यावर पिवळ्या टी. च्या रांगेत शिरू नका, ती टेलिपासवाल्यांची (आपल्या फास्टॅगसारखं). गाडी घ्यायचीच नव्हती आम्ही, सौ.चा हट्ट.

गप्पिष्ट
म्हणूनच म्हणतो, ट्रेन. आणि व्हेनिस वगळा. पूल, पायऱ्या, माणसांचा महापूर. गुडघेदुखीवाल्या माणसाला तिथे नेणं म्हणजे शिक्षा.

आल्प्सवेडा
व्हेनिस वगळा, सहमत. त्याऐवजी स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन.

चिंचगुळ
व्हिसाचं कोणी बोललंच नाही. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाचा काढायचा. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याचा. तुम्ही भावाकडे जास्त राहणार, म्हणजे जर्मनी. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही, म्हणून आत्ताच बघा. आणि आंतरराष्ट्रीय परवाना आर. टी. ओ.तून काढा, एक वर्ष चालतो.

मुळामुठा
परवाना कोणीही बघत नाही.

चिंचगुळ
अपघात झाला की विमावाला बघतो.

तिखटमीठ
अवांतर: भावाकडे जाताय तर हापूस नेऊ नका हं. फळांना तिकडे रोपस्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. तूप, पेढे, बर्फी, दुधाचं काहीही चालत नाही. चिवडा, चकली, भाजणी न्या.

आल्प्सवेडा
काय सांगता? २०१४ मध्ये युरोपने हापूस बंद केला होता, पण ती बंदी केव्हाच उठली की!

तिखटमीठ
ती व्यापाऱ्यांची, तीही तपासणी आणि कागदपत्रांसह. बॅगेतून नेताना प्रमाणपत्राशिवाय पाचच फळं चालतात: केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियन. आंबा त्यात नाही. नारळ न्या की, सासूबाई ओटी भरतील वहिनीची.

हिशेबनीस
आंब्यावरून धागा वाहवत जाण्याआधी: लेकीला गाई हव्यात ना? ऑस्ट्रियात झाल्सबुर्गच्या दक्षिणेला, झेल अम झे परिसरात शेतघरांमध्ये खोल्या मिळतात, स्वयंपाकघरासकट. मेमध्ये गाई अजून खालीच असतात, वरच्या कुरणांवर जूनच्या सुमारास जातात, त्यामुळे दारातच दिसतील. हॉटेलपेक्षा कमी पैशांत आणि मुख्य म्हणजे कुकर लावता येईल. पण रविवारी ऑस्ट्रिया-जर्मनीत दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. लेगोलँड ग्युन्झबुर्गला आहे, म्युनिकहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथे जायला भाड्याची व्हॅन कशाला? भावाची गाडी वापरा, एक दिवसाचं भाडं वाचेल.

जर्मन_जावई
आणखी एक. महामार्गावर गाड्या खोळंबल्या की मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची असते. सगळ्यात डावीकडची रांग डाव्या कडेला, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. तिथे मध्ये घुसलात तर दंड मोठा. आणि उजवीकडून ओव्हरटेक नाही, हे नवऱ्याला म्युनिकला उतरल्या-उतरल्या सांगा, पुण्याची सवय जाता जात नाही.

कैरीपन्हं
सगळ्यांचे आभार! बरंच ठरलं. स्वित्झर्लंड रद्द (आल्प्सवेडा, पुढच्या खेपेला). घाटरस्ता रद्द, लेकीचं पोट आम्हाला माहीत आहे. झाल्सबुर्ग, मग झेलजवळच्या शेतघरात चार रात्री, तिथून टाउअर्न आणि उडिनेमार्गे व्हेनिस, परत येताना ब्रेनर. हो, व्हेनिस होणारच. सासूबाईंनी कालच बटाट्याची भाजी परतता परतता जाहीर केलं की पूल चढले नाहीत तर होडीतूनच बघेन. गाडी व्हेनिसच्या अलीकडे, मेस्त्रेला लावून ट्रेनने आत जाऊ. व्हॅन घेतोय, पण गिअरचीच. ऑटोमॅटिक व्हॅनचं भाडं बघून नवऱ्याने थेट पान बंद केलं.

जर्मन_जावई
गिअरची व्हॅन आणि त्यात उजव्या हाताने गिअर. शुभेच्छा.

चिंचगुळ
मेस्त्रे चांगलं, ट्रेनने दहाएक मिनिटं. व्हेनिस स्टेशनसमोरूनच १ नंबरची बोट पकडा, मुख्य कालव्याने सान मार्को चौकापर्यंत बसून जाता येतं, पूल चढायची भानगड नाही. २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना शुल्क असतं, ५ युरो, ऐनवेळी १०. चौदाच्या आतल्या मुलांना नाही. मेस्त्रेत राहिलात तर ते व्हेनिसच्याच पालिकेत येतं, मग भरावं लागत नाही, पण नोंदणी करून ठेवा.

हिशेबनीस
तारखा जपा. बव्हेरियात (म्युनिकच्या राज्यात) पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणानंतर शाळांना दोन आठवडे सुट्टी असते आणि अख्खं म्युनिक ब्रेनरवर उतरतं. मेच्या अखेरच्या शनिवारी परत येऊ नका.

कैरीपन्हं
बाप रे. परतीचा दिवस नेमका शनिवारच धरला होता. भावाला फोन करते, गुरुवारवर आणते.