मुंबई खरोखरच नियोजनाविना वाढली का?

पायी फिरणारा (प्रश्न):
गेले काही महिने मी रविवारी सकाळी जुना नकाशा हातात घेऊन दक्षिण मुंबईत पायी फिरत आहे. ‘मुंबईला कधी नियोजनच नव्हते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते खरे असावे असे वाटू लागले होते. परंतु प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या शामळदास गांधी मार्गावर उभे राहिले की रस्ता सरळ आणि रुंद दिसतो, दोन्ही बाजूंच्या इमारती एका रेषेत दिसतात. आणि तेथून लोहार चाळीच्या बाजूला आत शिरले की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. हा फरक कोणी आणि कशासाठी घडवला? वारसा इमारतींच्या याद्या भरपूर मिळतात, पण मला शहराची रचना समजून घ्यायची आहे.

खाडीकाठ:
आधी पाण्याकडे पाहावे. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून ही जमीन तयार झाली, आणि उमरखाडी, पायधुणी ही नावे त्या पाण्याचीच आहेत. धोबी तलावाला आज तलाव नाही आणि चर्चगेटला वेस नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाची, म्हणजे आताच्या फोर्ट भागाभोवतीची तटबंदी पाडली गेली, तिच्याबरोबर ती वेसही गेली आणि त्या जागेजवळ फ्लोरा फाउंटन उभे राहिले.

जुनी मोजपट्टी:
आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर १८९६ च्या प्लेगमध्ये आहे. मांडवी भागात साथ सुरू झाली, लोक शहर सोडून पळाले, गिरण्या आणि बंदराचे काम खोळंबले, आणि सरकारने १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (शहर सुधारणेसाठीचे मंडळ) स्थापन केला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. दाटीच्या वस्तीतील कोंदट हवाच रोगाला कारण आहे, अशी अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती. म्हणून समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून थेट वस्तीत शिरावा अशा हिशेबाने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) दाट वस्तीतून आरपार काढले. आपण जेथे उभे होता तो रस्ता मुळात हवेसाठी आहे, वाहने त्यावर नंतर आली.

याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीला उजेड मिळावा म्हणून समोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी मोकळी जागा हवी, असा त्याचा साधा अर्थ. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत जाऊन दोन जुन्या इमारतींमधले अंतर पाहा. तेथे ही भूमिती अजून डोळ्यांना दिसते.

चाळकरी:
वरील माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यातून ट्रस्टचे जे चित्र उभे राहते ते मला फारच गोंडस वाटते. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्याच वाड्यांत जाऊन कोंबली गेली आणि तेथील दाटी आणखी वाढली. दादर-माटुंग्याच्या भूखंडांवर मध्यमवर्ग राहायला गेला, गोदी कामगार नव्हे. कामगारांसाठी म्हणून १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ काँक्रीटच्या चाळी झाल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. आणि भाडे परवडेना म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. तेव्हा नियोजन होतेच. कोणासाठी होते, हे विचारायला हवे.

पायी फिरणारा:
तिघांचेही आभार. मग वारसा म्हणून नेमके काय जपले जाते, इमारत की ही रचना?

जुनी मोजपट्टी:
चाळकरी यांचा आक्षेप मला मान्य आहे. भूमितीच्या नादात माणसे माझ्याकडून राहून गेली. आपल्या नव्या प्रश्नाविषयी सांगायचे तर १९९५ च्या वारसा नियमावलीत सुट्या इमारतींबरोबर परिसरांनाही स्थान आहे, पण व्यवहारात लक्ष दर्शनी भागाकडेच जाते. ओव्हल मैदान हा त्याला चांगला अपवाद आहे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाची गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीची) रांग, पश्चिमेला बॅकबेच्या, म्हणजे समुद्र बुजवून केलेल्या भरावाबरोबर १९३० च्या दशकात आलेली आर्ट डेको (तेव्हाच्या आधुनिक, भौमितिक रेषांच्या शैलीची) रांग, आणि युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवल्या. उच्च न्यायालयाची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा तिच्यासमोर मैदान, रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. पुढच्या रविवारी मैदानाच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडे पाहा, आणि वेळ उरला तर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शिल्लक असलेला कोटाच्या भिंतीचा तुकडाही पाहून घ्या.