पाय कोणी कोणाचे धुवायचे? योहान १३ मुलांना शिकवण्याबद्दल

पळसफूल
पवित्र सप्ताह आला की खेड्यापाड्यांतल्या संडे स्कूलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय घेतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, शिष्यांचे पाय धुतो आणि म्हणतो, मी तुमचा गुरू असून हे केलं, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. गोष्ट संपली की घमेलं येतं, मुलं जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुतात, फोटो निघतात, खाऊ वाटला जातो. माझं स्पष्ट मत आहे की या पद्धतीनं मुलांच्या डोक्यात उलटाच अर्थ बसतो.

आपल्याकडे पाय धुणं हा मान आहे. लग्नात वधूपिता नवरदेवाचे पाय धुतो. दिंडी आली की गावकरी वारकऱ्यांचे पाय धुतात. गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा होते. प्रत्येक ठिकाणी मान देणारा खाली बसतो आणि मान घेणारा पाटावर. त्या काळच्या यहूदी घरात मात्र हे सगळ्यात खालच्या चाकराचं काम होतं. इब्री, म्हणजे यहूदी, गुलामाकडूनसुद्धा धन्यानं पाय धुऊन घेऊ नयेत, असं रब्बींचं, म्हणजे यहूदी धर्मगुरूंचं, जुनं भाष्य आहे. हा फरक सांगितला नाही तर मुलाला वाटतं, येशूनं शिष्यांचा सत्कार केला. मग धक्का कुठे उरला?

म्हणून पाण्याला हात लावण्याआधीची १५ मिनिटं मला महत्त्वाची वाटतात. सुरुवात लूक २२:२४ पासून, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातल्या २२ व्या अध्यायाच्या २४ व्या ओवीपासून करावी. त्याच रात्री, त्याच जेवणात शिष्यांचा वाद चाललाय की आपल्यात मोठा कोण. आता मुलांना विचारा: बारा जणांचे चोवीस पाय धुळीनं भरलेत, पाणी आहे, गंगाळ आहे, रुमाल आहे, तरी कोणी उठलं का नाही? उत्तर आपण द्यायचं नाही. आठ ते बारा वर्षांची मुलं मिनिटभरात स्वतःच सांगतात: जो उठेल तो लहान ठरेल म्हणून. मग योहान १३ मधली ४ थी आणि ५ वी ओवी वाचावी, एकेका क्रियापदावर थांबत. उठला, वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेतला, कमरेला बांधला, पाणी ओतलं, धुतले, पुसले. सात क्रिया. मुलांकडून हातवाऱ्यांसह म्हणून घेतल्या की गोष्ट पाठच होते.

त्यानंतर शिक्षकानं स्वतः दोन-तीन मुलांचे पाय धुवावेत. त्या दिवशी मुलांनी एकमेकांचे धुवायचे नाहीत. वर्गात सत्ता शिक्षकाच्या हातात असते, म्हणून वाकायचंही त्यानंच. शेवटी १३ वी ओवी सोडू नये. तिथे येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. तो नेतेपद टाकून देत नाही. ते हातात ठेवूनच खाली बसतो.

वाढपी
ताई, तुमचं अर्धं पटलं, अर्धं नाही. पंधरा मिनिटं समजावून सांगावं लागते, म्हंजे ते उदाहरण आपल्या गावचं नाही. मग पाण्यात कायले जाता? त्याच लूक २२ मधली पुढची २७ वी ओवी घ्या ना. येशू विचारते, मोठा कोण, जेवायला बसलेला का वाढणारा? आणि म्हणते, मी तुमच्यात वाढणाऱ्यासारखा हावो. राजेहो, हे तर सरळ पंगतीतलं बोलणं हाये! आपल्या पोट्ट्याईले पंगत समजावून सांगा लागत नाही.

करायचं असं. २० पोट्टे असतीन तर १६ पंगतीत बसवा, चार वाढपी. वाढपी निवडतानी वर्गाचा मॉनिटर, सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दांडगा, हे तिघं पहिले घ्या. खिचडी आणि वरून पाणी, दोनच गोष्टी. जास्त पदार्थ ठेवले की वाढण्यातच गोंधळ होते आन् शिकवणं राहून जाते. वाढप्यानं शेवटी जेवायचं. पण खरं शिकणं वाढण्यात नाहीच, कारण वाढपी गावात रुबाबानं फिरते, दोस्ताच्या पानात दोन पळ्या जास्त टाकते. खरं शिकणं उष्ट्या पत्रावळी उचलण्यात हाये. तिथं सारे पांगतात. म्हणून सुरुवातीलेच सांगून ठेवा: जो वाढीन तोच पत्रावळी उचलीन, तोच जागा झाडीन. एवढं केलं की पाय धुवायचं नाटक लागत नाही.

मोर्णाकाठ
पंगत चांगली आहे, पण ती या गोष्टीची जागा घेऊ शकत नाही. पेत्र या शिष्याचा नकार पंगतीत कसा आणणार? "माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत," असं पेत्र म्हणतो, कारण मोठ्या माणसाकडून सेवा घेणं त्याला सहन होत नाही. पाय धरल्यावर पोरगं जसं पाय मागे ओढतं, तसाच तो. ते अवघडलेपण अंगानं कळायला पाय धुवावेच लागतात. पाय मागे घेणाऱ्या मुलाला "तुला पेत्र कळला" असं सांगावं, त्याला रागावू नये. पुढे पेत्र एकदम "मग हात आणि डोकंही धुवा" म्हणतो तेव्हा मुलं हसतात. हसू द्यावं. आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याला गाळू नका. तो ३० व्या ओवीत बाहेर पडतो, म्हणजे पाय धुताना खोलीतच होता. जो दगा देणार हे माहीत होतं, त्याचेही पाय धुतले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा भाग सगळ्यात जास्त बोचतो.

प्रात्यक्षिक फसतं ते बहुतेक तयारीमुळे, म्हणून थोडं त्याबद्दल. एकाच घमेल्यात सगळ्यांचे पाय बुडवणं ही पहिली चूक. तिसऱ्या मुलापर्यंत काळ्या मातीनं पाणी गढूळ होतं, आणि एकाच्या पायाला चिखल्या असतील तर त्या दुसऱ्याला लागतात. पाय घमेल्यावर धरायचा आणि वरून गडव्यानं पाणी सोडायचं. एका मुलाला लिटरभर पाणी पुरतं. १५ मुलांना एक मोठी बादली, आणि शिक्षकाच्या हातांसाठी थोडं वेगळं पाणी व साबण. पुसायला प्रत्येकाला वेगळं फडकं. चार मीटरच्या जुन्या सुती धोतराचे अर्ध्या मीटरचे आठ तुकडे होतात, दोन धोतरांत भागतं. नवा टॉवेल नको, तो पाणी टिपत नाही. जखम, फोड किंवा खोल भेगा असलेल्या मुलाला आधीच बाजूला विचारून घ्यावं. सगळ्यांसमोर "तुझे नको" म्हटलं तर ते पोर तो दिवस विसरत नाही. एप्रिलमध्ये टँकरच्या गावात बादलीभर पाणी जमिनीवर सांडलेलं मुलांनाही खटकतं. घमेल्यातलं पाणी झाडाला घालायला एका मुलाला आधीच नेमून ठेवा.

काळीमाती
वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली. वर्गातल्या निम्म्या मुली आहेत. त्या सकाळी अंगण झाडून, पाणी भरून, धाकट्या भावाला तयार करून आलेल्या असतात. त्यांना "सेवा करा, खाली वाका" हे अजून कशाला शिकवायचं? दलित वस्तीतल्या मुलांचंही तेच. ज्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण काढली, त्यांना नम्रतेचा धडा देणं हा अन्याय आहे. मोकळेपणानं सांगते, सेवक नेतृत्व, म्हणजे नेत्यानं आधी सेवक व्हायचं, हा शब्दच मला धोक्याचा वाटतो. १९७० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी तो वापरात आणला. आपल्याकडे मात्र मोठे लोक तो मिरवतात आणि काम खालच्यांच्या वाट्याला येतं.

मला विचाराल तर नहेम्या या पुस्तकाचा ५ वा अध्याय घ्या. नहेम्या हा यहूदी लोकांवर नेमलेला सुभेदार. आपल्या भागासाठी याहून जवळची गोष्ट बायबलात नाही. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. पोरंपोरी गुलामीत गेली. नहेम्या सरदारांना सभेत जाब विचारतो, व्याज सोडायला लावतो, शेतं त्याच दिवशी परत करा म्हणतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी आणि माझे भाऊही पैसा आणि धान्य उसनं देतो, हे तो स्वतःच कबूल करतो. पुढे बारा वर्षं तो सुभेदाराचा शिधा घेत नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्नाखेरीज ४० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी घेत. त्याच्या पंक्तीला १५० माणसं असायची, रोज एक बैल आणि सहा मेंढरं लागायची, तरीही. ज्या घरात सातबारा आणि सावकार हे शब्द रोज कानावर पडतात, तिथल्या मुलाला नेता म्हणजे काय ते इथे कळतं. पाय धुवून कोणाचं शेत सुटत नाही.

पळसफूल
काळीमाती, मुलींबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी म्हटलं होतं की मुलांनी एकमेकांचे धुवायचे नाहीत. गोष्टीत वाकणारा एकच आहे, आणि तो खोलीतला सगळ्यात मोठा माणूस आहे. शिक्षकानं पहिले पाय कोणाचे धुवायचे हे त्या दिवशीचं सगळ्यात मोठं ठरवणं. वर्गातली जी मुलगी रोज न सांगता झाडू हातात घेते, तिचे आधी. पुरुष शिक्षक असेल आणि मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल तर शिक्षिकेनं धुवावेत, आणि घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. पण गोष्ट टाकून देण्याशी मी सहमत नाही. ज्याला कायम वाकवलं गेलंय त्यानं एकदा तरी पाटावर बसलेलं बघणं, हाच त्या मुलीसाठी या गोष्टीचा अर्थ आहे.

नहेम्या बारा वर्षांवरच्या मुलांना जरूर. आठ वर्षांच्या मुलाला गहाण आणि व्याज आठवडाभर समजावलं तरी धड कळत नाही, आणि ज्याच्या घरी कर्जाचा ताण आहे ते पोर वर्गात गप्प होऊन बसतं. तिथे फार जपून बोलावं लागतं.

पैनगंगा
जिल्हा परिषदेच्या शाळेत हे करायचं म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. तेव्हा हा कार्यक्रम चर्चच्या आवारातच ठेवा, आणि गावातली इतर मुलं येत असतील तर काय शिकवणार आहात ते पालकांना आधी सांगा. लपवलं की विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला वर्षं लागतात.

दुसरं, ही शिकवण मुलांना परकी वाटू नये म्हणून इथली उदाहरणं सोबत ठेवा. १८७६ साली शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घ्यायचे, कीर्तन रात्री. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. राजसूय यज्ञात कृष्णानं पाय धुण्याचं काम मागून घेतलं, हे तर कीर्तनातून मुलांनी ऐकलेलंच असतं. ही नावं घेतली की मुलं लगेच बोलू लागतात.

मोर्णाकाठ
पैनगंगा, पहिल्या दोन उदाहरणांना माझा हात वर. कृष्णाचं मात्र जपून वापरा. राजसूय यज्ञात त्यानं ब्राह्मणांचे पाय धुतले, म्हणजे तिथे आदर वरच्या दिशेनंच जातो. योहान १३ मध्ये गुरू शिष्यांचे धुतो. दोन्ही एकच म्हणून सांगितलं की पळसफूल यांनी सुरुवातीला दाखवलेलीच चूक पुन्हा होते. तुलना करायची तर उघड करा: तिथे कोणी कोणाचे धुतले, इथे कोणी कोणाचे. फळ्यावर दोन बाण काढा, एक वर जाणारा, एक खाली येणारा.

वाढपी
बाणाचं मले पटलं. अन् काळीमाती ताईच्या बोलण्यावरून माह्या पंगतीतही बदल करतो: पहिल्या चार वाढप्यात पोरगी नको. पोट्टेच घ्या, पत्रावळीही त्याईनंच उचला.

आता खरी अडचण पुढच्या रविवारी येते. गोष्ट झाली, पाय धुतले, पंगत झाली, अन् मॉनिटर परत धाकट्याईले पाणी आणाले पिटाळते. त्याच्यासाठी सहा आठवड्याचा तक्ता लावा. कामं चारच: सतरंज्या घालणं, पाणी भरणं, चपला रांगेत लावणं, शेवटी झाडणं. अट एकच, ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही मान आहे, म्हंजे वाचन करणारा, गाणं सांगणारा, मॉनिटर, त्यालेच त्या दिवशी झाडू. तिसऱ्या आठवड्यात कोणी तरी आपलं काम लहान्या भावावर ढकलते, हे धरूनच चाला. तवा रागावू नका. शिक्षकानं मुकाट्यानं झाडू हाती घ्यावा अन् त्याच्यासोबत झाडावं. सातवी क्रिया, पुसणं, तीही राहू देऊ नका. शेवटी फडकं पिळून वाळत घालणारा कोण, हे तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर ते फडकं एखादी पोरगीच धुते.