पहिलं चामडी होल्स्टर शिवताना: कातडं कुठलं, टाक्याची रेषा कुठे, आकार कसा द्यायचा?

पाकीटवाला_सातारा

नमस्कार मंडळी. परवान्यावरच्या .३२ पिस्तुलासाठी कमरपट्ट्यावर बसणारं होल्स्टर घरी शिवायचं आहे. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे, मधे पिस्तूल, दोन्ही कडांना शिवण आणि पट्ट्यासाठी दोन खाचा, असा साधा प्रकार. पाकिटं आणि पट्टे शिवता येतात, दोन सुयांचा टाका जमतो. ओलं करून आकार देणं मात्र नवीन आहे. बॅगेच्या २ मिमी चामड्याचा तुकडा भिजवून दाबून पाहिला, वाळल्यावर पुन्हा सपाट झाला. यात कातड्याची चूक की पद्धतीची? आणि पिस्तुलाच्या बाह्यरेषेपासून शिवण किती अंतरावर घ्यायची? कुणी १० मिमी सांगतं, कुणी २०.

रापी_आरी

चूक कातड्याची. बॅगेचं चामडं बहुतेक वेळा क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांवर) कमावलेलं असतं. ते मऊ राहण्यासाठीच बनवतात, त्यामुळे पाण्यात कितीही ठेवलं तरी आकार धरत नाही. होल्स्टरला सालीच्या टॅनिनवर कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन लागतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. कोल्हापूरला किंवा धारावीत 'व्हेज टॅन, न रंगवलेलं, तेल न पाजलेलं' असं स्पष्ट सांगून मागा. तेल भरपूर पाजलेलं असेल तर पाणीच आत जात नाही.

दुकानातच ओळखायचं तर ताजी कापलेली कड बघा. क्रोमच्या कडेला मधे निळसर-करडी रेघ दिसते, व्हेज टॅन आरपार बदामी. मग पाण्याचा एक थेंब टाका. न रंगवलेल्या व्हेज टॅनवर तो काही सेकंदांत जिरतो आणि डाग गडद होतो. शंका उरलीच तर घरी चिंचोळी कात्रण उकळत्या पाण्यात टाका. व्हेज टॅन आखडून कडक होतं, क्रोमला फारसं काही होत नाही. (हीच गोष्ट पुढे आकार देताना लक्षात ठेवा.)

जाडी ३ ते ३.५ मिमी. दोन थर मिळून साडेसहाच्या आसपास जातात, ते ठीक. २ मिमीमध्ये होल्स्टरचं तोंड वर्षभरात लुळं पडतं. म्हशीचं कातडं चालेल, फक्त पाठीचा भाग घ्या. पोटाकडचं सैल असतं, ताणलं जातं आणि दोन बाजू दोन आकाराच्या होतात. दोन चौरस फूट पुरेसं आहे. प्रत्यक्ष लागतं एकाच्या आतबाहेर, पण पहिल्या खेपेला एखादा तुकडा वाया जाणारच.

मिमीत_बोला

१० की २० हा वाद निरर्थक आहे, कारण अंतर सगळीकडे सारखं नसतंच. हिशोब असा: त्या ठिकाणची पिस्तुलाची निम्मी जाडी अधिक कातड्याची एक जाडी. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) २५ मिमी जाड धरू. निम्मे साडेबारा, अधिक कातड्याचे ३, म्हणजे १५ ते १६ मिमी. ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कड्याची) पट्टी समजा १० मिमी, तर ५ अधिक ३, म्हणजे ८ मिमी. ट्रिगर गार्डशीही १५ ठेवलं की पिस्तूल खडखडतं. स्लाइडशी ८ ठेवलं तर ते आत शिरतच नाही, किंवा जोर लावला की टाके ताणून भोकं लांबट होतात. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घ्या आणि चार-पाच ठिकाणी मोजून आकडे कागदावरच लिहा.

नकाशा जाड कार्डशीटवर काढा. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बाह्यरेषा काढताना पेन्सिल अगदी उभी धरा, तिरकी धरली की दीड-दोन मिमी तिथेच चुकतात. शिवणीच्या रेषेवर स्टेपलरच्या पिना मारून कार्डशीटमध्ये पिस्तूल घालून बघा. शेवटचा सेंटिमीटर अडत सरकलं तर माप बरोबर.

शिवणीबाहेर कडेला ८ ते १० मिमी सोडा, खाचांपाशी जास्त. पट्ट्याच्या खाचा शिवणीपासून आणि कडेपासून किमान १२ मिमी आत. ३८ मिमीच्या पट्ट्याला खाच ४० मिमी लांब आणि पट्ट्याच्या जाडीपेक्षा मिलिमीटरभर रुंद. दोन्ही टोकांना पंचाने गोल भोक पाडून मग मधला भाग कापा. चौकोनी कोपरा ठेवलात तर तिथूनच फाटायला सुरुवात होते.

मूठ पूर्ण पकडता आली पाहिजे. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली जिथे बसतं तिथे कातडं आडवं येत असेल, तर नकाशातच तेवढं छाटा. शिवून झाल्यावर हे दुरुस्त होत नाही.

पाकीटवाला_सातारा

भारी, १० आणि २० दोन्ही का चुकतात ते कळलं. आता मुख्य भीती. ओल्या चामड्यात खरं पिस्तूल दाबून ठेवायचं? गंजणार नाही का? आमच्या भागातला एक कारागीर 'ठेवून जा, मी दाबून देतो' म्हणतोय.

जुना_शिवणकर

अजिबात ठेवून येऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो. कारागिराकडे तो नसेल तर दोघंही अडचणीत. आणि गंजायचं म्हणाल तर ओलं टॅनिन आणि लोखंड यांचं वैर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनही कुठून तरी पाणी झिरपतंच.

लाकडी नमुना करा. साग किंवा वॉटरप्रूफ प्लायचे थर चिकटवा, एमडीएफ नको, ते फुगतं. जाडी मूळ मापापेक्षा अर्धा मिमी जास्त. वॉर्निशचे दोन हात, वरून भडक पिवळा रंग, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही. आता खरी गोम: नमुना हुबेहूब करायचा नाही. ट्रिगर गार्डची पोकळी लाकडाने भरून टाका, काडतूस बाहेर पडतं ती खिडकीही बुजवा. पुढच्या माशीपासून (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) मागे तोंडापर्यंत ६ मिमी रुंदीची पट्टी चिकटवा. पिस्तूल उपसताना माशी या सगळ्या अंतरातून घासत येते, तिला वाट हवी. पट्टी विसरलात तर प्रत्येक वेळी माशी आतलं कातडं खरवडणार.

क्रम असा ठेवा. कापणं, खाचा, रंग द्यायचा असेल तर तो. मग कडेची पट्टी आतून खरवडून रबरी सोल्यूशनचे दोन हात, प्रत्येक हात हाताला चिकटेनासा झाला की तुकडे जुळवून मोगरीने ठोका. रेषेवर १ मिमी खोल चर पाडा म्हणजे धागा खाली बसतो आणि पट्ट्याला घासत नाही. भोकं ४ ते ५ मिमी अंतरावर, आरी अगदी उभी. वरून सुंदर दिसणारी शिवण मागून नागमोडी येते ती तिरक्या आरीमुळे. धागा मेणाचा पॉलिस्टर, ०.८ किंवा १ मिमी, लांबी शिवणीच्या पाचपट. थर जाड आहेत, पाकिटाच्या अंदाजाने घ्याल तर शेवटच्या सहा टाक्यांना धागा संपेल. शेवटी तीन टाके उलटे.

शिवून झाल्यावर कोमट पाण्यात बुडवा, हात सहज राहील एवढंच कोमट. बुडबुडे मंदावले की बाहेर, साधारण अर्धा मिनिट. लगेच दाबायला घेऊ नका. १०-१५ मिनिटांनी पृष्ठभागाचा मूळ रंग परतू लागतो, तेव्हा कातडं मातीसारखं वागतं. जास्त ओलं असताना दाबलं तर रेषा उमटतात आणि मिटतात. नमुना घालून आधी अंगठ्याने, मग चमच्याच्या पाठीने ट्रिगर गार्डची आणि स्लाइडची कड उठवा. नखं कापून बसा, ओल्या कातड्यावरचा नखाचा ओरखडा कायमचा.

तासा-दोन तासांनी नमुना काढा आणि पंख्याखाली सावलीत २४ ते ४८ तास. पावसाळ्यात तीन दिवस लागतात.

रापी_आरी

वरच्यात भर. ऊन नको आणि हेअर ड्रायरही जवळून नको. ओलं व्हेज टॅन ७० अंशांच्या पुढे आखडतं आणि ठिसूळ होतं, उकळत्या पाण्यातली कात्रण आठवा. आणि ओलं असताना लोखंडी पकड, खिळा, साधी टाचणी काही टेकवू नका. टॅनिन-लोखंडाचे निळे-काळे डाग पडतात. पडलाच तर लगेच लिंबाचा रस लावून धुवा, ताजा डाग जातो. टिचबटण लावायचं तर पितळी, आणि त्याच्या मागे पातळ कातड्याची चकती चिकटवा, नाहीतर स्लाइडवर चरा उठतो.

मिमीत_बोला

एक गोष्ट कुणी बोललं नाही, आणि धोका तिथेच आहे. होल्स्टरचं तोंड. पिस्तूल काढल्यावर ते उघडं राहिलं पाहिजे. लुळं पडून आत वळलं तर पिस्तूल परत घालताना तीच घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरते आणि गोळी सुटू शकते. पुढच्या तुकड्याच्या तोंडावर २५ मिमी रुंद दुसरी पट्टी चिकटवून वर आणि खाली अशी दुहेरी शिवा. ट्रिगर बाहेरून बोटाला लागता कामा नये, तो पूर्ण झाकलेला हवा. टिचबटणाचा बंदही असा ठेवा की त्याचं टोक आत लोंबणार नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्ण झाकलेलं हवं. त्यामुळे शर्ट-जाकिटाखाली बसेल इतकीच रुंदी ठेवा, किंवा वरून झाकण द्या.

पाकीटवाला_सातारा

पट्टीचं लक्षातच आलं नव्हतं, नकाशात आजच घेतो. शेवटचं: वाळल्यावर फार घट्ट झालं तर? तेल लावून सैल करायचं का?

जुना_शिवणकर

तेल नको. भरपूर तेल म्हणजे आकार गेला. नमुन्यावर प्लास्टिकच्या पिशवीचे दोन-तीन पदर गुंडाळून होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवा, तेवढ्याने सुटतं. नंतरही घट्ट असेल तर फक्त ट्रिगर गार्डजवळचा भाग ओलसर करून पुन्हा दाबा. वरून मेणाचा एक पातळ हात बास. कडा २२० आणि ४०० च्या पॉलिश पेपरने घासा, कतिरा डिंकाचं पातळ पाणी लावून लाकडाने चकाकवा.

झाल्यावर रिकामं पिस्तूल शंभरेकदा आत-बाहेर करा. उलटं धरून हलवलं तर पडायला नको आणि एका हाताने उपसताना पट्टा वर ओढला जायला नको. आणि घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. कातडं हवेतला ओलावा धरतं, स्लाइडवर गंजाची पहिली ठिपकी तिथेच येते.