पाच मिनिटांत चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी थांबू का?

वाटसरू:
आई नागपूरला असते, त्यामुळे पुणे-नागपूर वर्षातून चार-पाच फेऱ्या. मे महिन्यात तिला आणायला मेहुण्याची इलेक्ट्रिक गाडी नेली. समृद्धीवर एके ठिकाणी चार्जरवर लिहिलंय ६० किलोवॅट, स्क्रीनवरचा आकडा २६ च्या वर जाईना. आधी चाळीस मिनिटं नंबर लावून, मग सव्वा तास चार्जिंग. बसायला बाक नाही, आईचे गुडघे सुजले. फार वाईट वाटलं.
आता स्वतःची गाडी घ्यायचीय. चीनच्या बीवायडी या गाड्यांच्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांच्या चार्जमध्ये ४०० किमी जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात तिथल्याच सीएटीएल या बॅटरी कंपनीने ५२० किमी. दोन वर्षं कळ काढू का?

सेलवाला:
बॅटरीतले सेल तपासायच्या कामात आहे म्हणून सांगतो, ते दावे हवेतले नाहीत. चार्ज करताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) सेलच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात. घाई केली की आत शिरायच्या आधीच वरच धातू होऊन साचतात. तेवढी क्षमता कायमची गेली, आणि साचत राहिलं तर आत शॉर्ट व्हायची भीती. ऐंशी टक्क्यांनंतर गाडी हळू होते ती याच धास्तीने. नवे सेल ग्राफाइटचा पृष्ठभाग आणि इलेक्ट्रोलाइट (आयन ज्यातून जातात ते द्रव) सुधारून ही वाट मोकळी करताहेत. पण तुमचं दुखणं सेलचं नव्हतंच. ६० च्या बऱ्याच चार्जरना दोन गन (गाडीत खुपसायचे प्लग) असतात; दोन्ही गाड्यांना लागल्या की वीज वाटली जाते, ३०-३०.

तारमार्ग:
वीज वितरणात उभी हयात गेली. हिशोब करा: ६० युनिटच्या बॅटरीत ४८ युनिट पाच मिनिटांत भरायचे तर ५७६ किलोवॅट लागतात. गावातल्या १०० केव्हीएच्या सहा डीपी (ट्रान्सफॉर्मर) एका गाडीला! चीनमध्ये म्हणूनच स्टेशनवर साठवणीच्या बॅटऱ्या बसवतात, ग्रिडवरून सावकाश भरायच्या आणि गाडीत झटक्यात ओतायच्या. आपल्याकडे हायवेवर आधी १२० किलोवॅटचे चार्जर नीट चालू राहू द्यात.

सेलवाला:
शिवाय चाकणला बनणारी महिंद्राची इलेक्ट्रिक गाडी बीई ६ आजही योग्य चार्जरवर वीस मिनिटांत २० ते ८० टक्के होते, असं कंपनी सांगते. तेवढ्यात चहा होतो.

वाटसरू:
दोन गनचं मला खरंच माहीत नव्हतं, नाहीतर पुढच्या स्टेशनला गेलो असतो. मग थांबत नाही, दिवाळीत आईला आणायचंच आहे. मेहकर ते कारंजा पट्ट्यात १२० चा चार्जर कुणी स्वतः वापरलाय का? शेजारी सावली आणि बसायला जागा आहे का, तेही कृपया सांगा.