मदत हवी आहे: आफ्रिकेत नोकरी, कोणती भाषा शिकू?

विकास_फिटर: पुढच्या महिन्यात आफ्रिकेत रुजू व्हायचंय. क्रशर मेंटेनन्सचं काम, हाताखाली तिथलीच माणसं. एकच भाषा शिकण्यापुरता वेळ आहे. स्वाहिली की फ्रेंच? उद्या क्लासचे पैसे भरायचेत, लवकर सांगा.

सह्यभटका: देश कुठला? सेनेगलला वोलोफ, नायजेरियाच्या उत्तरेला हौसा, इथियोपियात आम्हारिक, अंगोला-मोझांबिकला पोर्तुगीज. नुसतं आफ्रिका म्हणून कसं सांगणार?

दारकर: डोळे मिटून स्वाहिली. मी टांझानियात दार-ए-सलामला असतो, बाजारात, कचेरीत तीच. रोमन लिपी, लिहिलंय तसं वाचायचं. फक्त वेळ नीट शिका. इथे तास सकाळी सहापासून मोजतात. 'सा तातू', म्हणजे तिसरा तास, म्हणजे नऊ. दुपारी तीनला बोलावलेला माणूस सकाळी नऊला येऊन बसेल.

विकास_फिटर: काँगो.

सह्यभटका: काँगो दोन आहेत हो! राजधानी किन्शासा की ब्राझाव्हिल?

विकास_फिटर: किन्शासा.

मेघना_प: मग लिंगाला शिका. किन्शासात रस्त्यावर तीच चालते, सैन्यातही. स्वाहिली सोडा.

दारकर: सोडा काय? काँगोच्या चार राष्ट्रीय भाषांत स्वाहिली आहे. अख्खा पूर्व भाग ती बोलतो.

अण्णा_सातारा: तिथल्या कितीतरी खाणी चिनी कंपन्यांकडे आहेत. मँडरिन शिका, पगार वाढेल.

सुलभाताई: भाषेचं नंतर बघा. पिवळ्या तापाची लस घेतलीत का? निघायच्या किमान दहा दिवस आधी हवी. परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही कार्ड बघतात.

विकास_फिटर: लस झाली ताई. किन्शासा नाही हो, ती राजधानी. मी जाणार कोलवेझीला, तांब्याच्या खाणीवर.

सह्यभटका: हे आधी सांगायचं ना! कोलवेझी म्हणजे दक्षिणेकडचा जुना कटांगा, झांबियाच्या बाजूला. तिथे लिंगालाचा उपयोग कमी. सूचनाफलक, रिपोर्ट फ्रेंचमध्ये, पण फिटर-हेल्पर आपसात स्वाहिलीच बोलणार. आधी स्वाहिली घ्या.

दारकर: पण तिकडची अशुद्ध असते. अर्धे शब्द फ्रेंच.

मेघना_प: अशुद्ध कशी? बेल्जियन राजवटीत खाणींवर ठिकठिकाणचे मजूर आणले, त्यांच्यात ती रुजली. आता कटांगातल्याच लुबुम्बाशी शहरात घराघरांत मुलं तीच बोलत मोठी होतात. दार-ए-सलामच्या मापाने तिला का मोजायचं?

विकास_फिटर: भांडू नका. क्लासमध्ये टांझानियाची शिकवतात. चालेल का?

सह्यभटका: चालेल. आकडे, हत्यारांची नावं, 'थांब', 'बंद कर', 'हात काढ' एवढं आधी पाठ करा. बाकीचं तिथल्या हेल्परकडून शिका, आणि तो म्हणेल तसंच बोला.