फिलिडोर आणि निमझोविचही हवेत
भाऊ, बुद्धिबळाचा शास्त्रशुद्ध विचार स्टाइनिट्झपासून सुरू झाला, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तो जगज्जेता झाला १८८६ मध्ये. प्यादी हाच डावाचा प्राण, हे फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरने १७४९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

आणि तुमच्या मांडणीत बुद्धिबळपटू निमझोविच कुठे गेला? भुसावळला रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर काका माझ्याशी खेळायचे. माझं प्यादं मोकळं सुटून पुढे सरकलं, की नेमका त्याच्या तोंडासमोर घोडा आणून बसवायचे. प्यादं जागीच थिजायचं, घोडा मात्र तिथूनही चहूकडे डोळा ठेवून. मी रडकुंडीला यायचो! अशा अडवणुकीला घोडाच उत्तम, हे निमझोविचने १९२० च्या दशकात 'माय सिस्टिम' या पुस्तकात सविस्तर मांडलंय. ते प्रकरण जरूर वाचा, पट समोर मांडून.